बाही सोडायची नाही

व्यायामशाळेच्या दारावर फ्लेक्स लागला होता : 'महिलांसाठी स्वसंरक्षण व फिटनेस. ज्युदो बॅच. सायं. 6 ते 7.15'. बाजूला एका मुलीचा फोटो, तिनं एका बाप्याला पाठीवरून पार उलटा केलेला. पोस्टातून घरी जाताना मी तो फ्लेक्स महिनाभर तरी वाचत होते. जून 2024 मध्ये एकदाची आत शिरले. वजन थोडं उतरेल, दिवसभर काउंटरला बसून आखडलेली कंबर सुटेल आणि जमलंच तर एखाद्याला असं उलटंही करता येईल, असा साधा हिशेब होता. वय वर्षं 49.

पहिल्या संध्याकाळी सरांनी आम्हा 14 जणींना मॅटवर उताणं झोपवलं. म्हणाले, "मान उचला आणि पट्ट्याची गाठ बघा." पट्टा कुणालाच नव्हता. कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणी मुलाच्या ट्रॅकपँटमध्ये. "गाठ असती तर जिथं असती, तिथं बघा," सर म्हणाले. आम्ही बघत राहिलो. अर्ध्या मिनिटात मानेला रग लागली. मग दोन्ही हात अंगापासून थोडे लांब ठेवून, तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात मॅटवर आपटायचा. वीस वेळा. पुन्हा वीस. पुन्हा वीस. तास संपत आला तेव्हा एका ताईंनी झोपल्या झोपल्याच विचारलं, "सर, मारायला कधी शिकवणार?"

"मारायला नाहीच शिकवणार. पाडायला शिकवीन. पण त्याच्या आधी पडायला."

महिना उलटला तेव्हा 14 च्या 8 झालो होतो. पडायचे पैसे कोण देतं? महिन्याला 400 रुपये भरून कुणी उताणं झोपायला येत नाही. मी टिकले त्याला कारण होतं, आणि ते घरी वॉकर घेऊन फिरत होतं.

2023 च्या दिवाळीत आई न्हाणीघरात पडली. वय 76. घसरली, एका अंगावर कोसळली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली, वॉकरवर चालायला लागली. डॉक्टरांच्या दृष्टीनं सगळं ठीकठाक. पण आई पुन्हा पहिल्यासारखी कधी चालली नाही. भिंतीला धरून चालायची. भिंत संपली की थांबायची. हॉलच्या मधोमध दोन पावलं मोकळी जागा आहे, तिथं तिचा चेहरा असा व्हायचा की जणू गोदेला पूर आलाय आणि हिला पलीकडं जायचंय. दुखत नव्हतं, ताकदही आली होती. भीती गेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिचं बघून मीही बदलले होते. पावसात पोस्टाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागले. ओल्या फरशीवरून पाय घासत चालायला लागले. सर म्हणाले, "आधी पडायला," तेव्हा बाकीच्या हसल्या. मला मात्र वाटलं, ही शाळा आपलीच आहे.

व्यायामशाळा जुन्या नाशकातली, नाव सांगत नाही. शहाबादी फरशी, कोपऱ्यात मल्लखांब, भिंतीला टेकवलेल्या लाकडी मुद्गलांच्या जोड्या. एके काळी मधोमध कुस्तीचा हौदा होता. लाल माती, त्यात तेल, ताक, हळद. मुलं कमी झाली, मातीची निगा कोण राखणार, म्हणून हौदा बुजवला आणि त्यावर एकात एक अडकणारे लाल-निळे मॅट आले. या मॅटना एक खोड आहे. जोराची हालचाल झाली की सांधे उघडतात आणि त्या फटीत नेमका पायाचा अंगठा जातो. म्हणून दर वीस मिनिटांनी सर ओरडतात, "मॅट!" की सगळ्यांनी खाली बसून आपापली फट गुडघ्यानं दाबून बंद करायची. बॅच संपल्यावर मॅट पुसायची पाळी असते. झाडू, मग फिनेलचं फडकं. आमच्यात एक शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, त्यांनाही पाळी चुकत नाही.

समोरच्या भिंतीवर शेंदूर लावलेला मारुती आणि त्याच्या बाजूला ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा काळा-पांढरा फोटो. आत आल्यावर वाकून नमस्कार करायचा, तो दोघांनाही पोचतो. हे कमिटीतल्या एका आजोबांना अजून पटलेलं नाही. ते रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसतात. म्हणतात, "1936 ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले खेळ दाखवून आली. आणि आपण मारुतीच्या पुढ्यात जपान्याचा खेळ खेळतो." सर मूळचे कुस्तीतले, त्यांचे कान मोडलेले आहेत. त्यांनी एकदा शांतपणे उत्तर दिलं, "आजोबा, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात 1905 ला जपानी शिक्षक आणला होता. 1929 ला दुसरा आणला, ताकागाकी. आपले तिकडं गेलेले चालतात, तर त्यांचे इकडं का नाही?" आजोबा म्हणाले, "रवींद्रनाथांकडं मारुती नव्हता." यावर सरांकडं उत्तर नव्हतं.

कानोंची गोष्ट सर मुलांना सांगतात, ती आम्हीही कान देऊन ऐकतो. 1882 साली टोकियोत एका देवळाच्या जागेत, 12 चटया मावतील एवढ्या खोलीत, नऊ शिष्यांना घेऊन हा माणूस सुरू झाला. वय 21. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतले हातपाय मोडणारे, जिवावरचे डाव त्यानं सरावातून बाजूला काढले आणि उरलेले असे बसवले की पूर्ण ताकदीनं खेळता येतील आणि दुसऱ्या दिवशी समोरचा पुन्हा खेळायला येईल. त्यातलं 'दुसऱ्या दिवशी समोरचा पुन्हा येईल' हे सर दोनदा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते मुलांसाठीचं बोधवाक्य वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यातच दागिन्यांचा तंटा झाला. मॅटवर धातू नको, हा नियम. बांगड्या, कानातलं, साखळी, केसांतल्या पिना, सगळं काढायचं. बांगड्यांपर्यंत ठीक होतं. मंगळसूत्रावर दोघी अडल्या आणि जोडव्यांवर पाच. एकीनं जोडव्यांवर चिकटपट्टी गुंडाळून आणली. सर नाही म्हणाले. "ताई, तुमचं बोट अडकलं तर बोट तुमचं. पण जोडवं समोरचीच्या पोटरीत घुसलं तर?" तिची सासू विचारणार होती. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी तोडगा काढला. स्टीलचा एक मोठा डबा आणला आणि मारुतीपुढं ठेवला. आत आलं की दागिने डब्यात, निघताना डब्यातून अंगावर. देवापाशीच ठेवलेत म्हटल्यावर सासूबाईंचाही आवाज बंद. तो डबा अजून तिथंच असतो. माझी जोडवी मात्र ऑगस्टपासून घरीच आहेत. रोज काढायची, घालायची, त्यात एक हरवलं, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आता पडण्याबद्दल. याला 'उकेमी' म्हणतात, पण आमच्याकडं सगळे 'फॉल' म्हणतात. मागचा फॉल, बाजूचा फॉल, पुढचा फॉल आणि कोलांटीचा फॉल. पहिल्यांदा झोपून फक्त हात आपटायचे. मग बसून मागं पडायचं. मग उकिडवं बसून. मग अर्धं वाकून. उभ्यानं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला आठवडा, काहींना दोन. हनुवटी छातीला, नजर गाठीवर. म्हणजे डोकं मागं आपटत नाही. पाठ धनुष्यासारखी गोल, म्हणजे एकदम आदळत नाही, गडगडत जाते. पाठ टेकायच्या क्षणी हात आपटायचा आणि तोंडानं श्वास सोडायचा. हात अंगापासून फार लांब गेला तर खांद्याला झटका बसतो, अगदी जवळ राहिला तर आपण त्यावरच पडतो.

"हात कशाला आपटायचा?" हा प्रश्न मी विचारला. सरांनी मार्केट यार्डातलं उदाहरण दिलं. "हमाल गव्हाचं पोतं कसं टाकतो? आडवं. सगळ्या अंगानं टेकतं, काही होत नाही. तेच पोतं कोपऱ्यावर पडलं तर शिवण उसवते. माणसाचे कोपरे म्हणजे मनगट, कोपर, खुबा, डोकं. पडताना माणूस नेमका कोपराच पुढं करतो." आपटलेला हात मार वाटून घेतो, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आपटायच्या कामाला लावलेला हात टेकायला जात नाही. आधाराला मागं टेकलेल्या तळहातावर सगळा देह येतो आणि मनगट जातं. आई एका अंगावर पडली होती, थेट खुब्यावर. सर बोलत होते आणि मला न्हाणीघर दिसत होतं.

हात आपटायचं मला पटकन जमलं. 26 वर्षं पोस्टात तारखेचे शिक्के मारलेत. कोपरातून सैल हात, मनगटाला ताण नाही, ठप्प असा एकच आवाज. सर म्हणाले, "ताईंचा आवाज ऐका." माझं एवढंच कौतुक पुढं चार महिने पुरलं, कारण बाकी काहीच जमत नव्हतं. उकिडवं बसून मागं पडताना माझा डावा हात दर वेळी मागं जायचा. दर वेळी. डोक्याला कळायचं, हाताला नाही. हातावर रुमाल बांधून बघितला, मुठीत टेनिसचा चेंडू देऊन बघितलं. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं सांगितलं, "काकू, तुम्ही पडायच्या आधीच पडताय." म्हणजे काय? तर मी बसल्या बसल्याच घाबरून अंग ताठ करत होते, पाठीची फळी होत होती, आणि फळी पडली की टेकू शोधणारच. तिनं मला गाणं म्हणत पडायला लावलं. 'नाच रे मोरा' म्हणत मी मागं पडले आणि डावा हात पहिल्यांदा जागेवर राहिला. लाज वाटली, पण राहिला.

मुलं आणि आम्ही एकाच वेळी, अर्धा-अर्धा मॅट वाटून. सुरुवातीचा व्यायाम सगळ्यांचा एकत्र. मॅटभोवती पळायचं, बदकासारखं चालायचं, खेकड्यासारखं उलटं, पाठीवर झोपून कोळंबीसारखं ढुंगण मागं टाकत सरकायचं. एकटी असते तर यातलं काहीही मी केलं नसतं. घरी यूट्यूब लावून व्यायाम करायचे, तो प्रयोग 11 दिवस चालला होता. इथं शेजारी घाम गाळणारी बाई असते, पुढं नऊ वर्षांचं पोर असतं आणि आकडे सगळ्यांनी मिळून मोजायचे असतात, तेही जपानीत. इच, नी, सान, शी... एकानं एक आकडा मोजायचा. आपला आकडा यायच्या आत बसून घेणं बरं दिसत नाही. मी ऑगस्टमध्ये जमिनीवरून उठताना भिंत धरणं सोडलं, हे मला कळलंच नाही. नवऱ्यानं सांगितलं. पूजेच्या पाटावरून मी हात न टेकता उठले म्हणे.

मध्ये डॉक्टरांकडं जाऊन आले. हाडांची डेक्सा तपासणी केली. टी-स्कोअर उणे 1.7 आला. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधला, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत पण अजून ठिसूळ नाहीत, असं समजावलं. आईचा इतिहास ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "व्यायाम कराच. पण कुणाच्या पाठीवरून पडायची घाई नको." हे मी सरांना आल्या आल्या सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातली उंच उडीवाल्यांची जाड गादी ओढून आणली. पुढचे तीन महिने मी मॅटवर नाही, त्या गादीवर पडत होते. मुलं तिला 'काकूंची गादी' म्हणायची. माझ्या वयाची कुणी बाई हे वाचून उद्याच कुठल्या वर्गाला जाणार असेल, तर ती तपासणी आधी करून घ्या. तुमच्या सरांना विचारा, गादी आहे का. नसेल तर दुसरे सर बघा.

ऑगस्टमध्येच मी खरोखरची पडले. पोस्टाच्या मागच्या दारी शेवाळलेली पायरी आहे, तिथं. दोन महिन्यांच्या शिकवणीचं काय झालं म्हणाल, तर हनुवटी छातीला गेली आणि हात टेकला नाही. पण तो टेकला नाही याचं कारण हातात जेवणाचा डबा होता. मी तो उंच धरून धपकन बसले. आमटी सांडली नाही. माकडहाड चार दिवस दुखलं. संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात सरांना सांगितलं. ते म्हणाले, "डबा सोडायचा होता, ताई."

गणपतीच्या दोन दिवस आधी, 5 सप्टेंबरला, पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारनं ज्युदोत कांस्य जिंकलं. 60 किलो, दृष्टी जवळजवळ नसलेल्यांच्या गटात. भारताचं पॅराज्युदोतलं पहिलंच पदक. दुसऱ्या दिवशी सरांनी पेढे आणले आणि आम्हाला डोळे मिटायला लावले. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लांबून झोंबाझोंबी नसते. दोघांनी एकमेकांचा झगा धरलेला असतो आणि मगच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', होतं. आम्ही तसंच केलं. उजव्या हातात समोरचीची कॉलर, डाव्या हातात तिची कोपराखालची बाही. डोळे बंद. मला वाटलं होतं, काहीच कळणार नाही. उलट सगळं त्या दोन मुठींतून कळायला लागलं. ती कुठल्या पायावर आहे, श्वास कधी घेते, कधी मागं रेलते. डोळे उघडे असताना मी तिच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधत होते आणि हातांनी नुसतं कापड धरून ठेवलं होतं.

त्यानंतर डाव सुरू झाले. आधी ओगोशी. समोरचीला पुढं ओढून तिचा तोल काढायचा, आपण वळून तिच्या पुढ्यात शिरायचं, कंबर तिच्या कंबरेखाली, आणि उचलायचं नाही, फक्त वाकायचं. ती आपोआप कंबरेवरून येते. मग ओसोतोगारी, समोरचीच्या पायाला बाहेरून पाय लावून तिला मागं पाडायचं. ती म्हणजे सरांच्या भाषेत 'आपली टांगच'. धोबीपछाडीचा जपानी चुलतभाऊही आहे, पण तो खांद्यावरून जातो, मला अजून मनाई आहे. तोल काढणं हेच मुख्य, ताकद नंतर. हे मला वहीत लिहिण्याइतकं कळलं होतं. प्रत्यक्षात मी दोन महिने माणसं नुसती ढकलत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. डाव मारणाऱ्यापेक्षा डाव घेणाऱ्याची पाळी जास्त येते. तुम्ही दहा वेळा पाडता, दहा वेळा पडता आणि वर नव्या मुलीला शिकवायचं म्हणून आणखी दहा वेळा पडता. पडणाऱ्यानं ताठ राहायचं नाही आणि आधीच सोंग करून लोळायचंही नाही. समोरचीला तिचा डाव खरा समजला पाहिजे. मला यात गोडी लागली. पाडण्यापेक्षा जास्त. पोस्टात मी दिवसभर लोकांना 'हे चालणार नाही', 'सही जुळत नाही', 'केवायसी आणा' सांगत असते. संध्याकाळी कुणाचा तरी डाव चालू देण्यात वेगळाच आराम होता.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. माझी जोडीदार एक कॉलेजातली मुलगी, वजनाला माझ्यापेक्षा आठ किलो कमी. ओगोशीची फेरी चालू होती. मी ओढलं, वळले, वाकले, आणि पहिल्यांदाच तिचं वजन मला लागलंच नाही. कागदाच्या पाकिटासारखी ती वरून गेली. सहा महिन्यांत पहिला खरा डाव. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात सोडले आणि सरांकडं बघितलं. त्यांनी बघितलं की नाही, हे बघायला.

पाडणाऱ्यानं समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नसते. तीच बाही ओढून धरली की पडणाऱ्याचा एक खांदा वर राहतो, तो बाजूवर नीट फिरतो आणि त्याचा दुसरा हात आपटायला मोकळा होतो. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मी सोडली. ती अर्धी वळलेली, तशीच कोपरावर आली. आवाज हाताचा नव्हता. पोतं कोपऱ्यावर पडल्याचा होता.

बर्फ लावला. कोपर लिंबाएवढं सुजलं. तिची आई स्कूटरवर न्यायला आली, मी त्यांच्याबरोबर एक्स-रेला गेले. हाड शाबूत होतं. तीन आठवडे विश्रांती. मी पैसे द्यायला लागले, तर तिच्या आईनं घेतले नाहीत. "खेळात व्हायचंच," म्हणाल्या. ते चुकीचं होतं. हे खेळात झालं नव्हतं, मी दुसरीकडं बघितलं म्हणून झालं होतं. पण त्या रात्री एक्स-रेच्या रांगेत हे समजावत बसायचं बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जावंसं वाटत नव्हतं. गेले. सर रागावतील याची तयारी होती. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "काल तुम्ही तिला फेकलंत. आपण फेकत नाही. आपण ठेवतो." मग त्यांनी मला मॅटच्या कडेला बसवलं आणि दहा किलो गव्हाचं एक जुनं पोतं दिलं, वर शिवलेल्या दोन बाह्या. ते कंबरेवरून घ्यायचं आणि बाही धरून मॅटवर ठेवायचं. आवाज न होता. आठवडाभर मी पोत्याबरोबर होते. मुलं येऊन पोत्याला विचारायची, "लागलं का?"

ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली. दोन आठवडे तिनं दुसरी जोडीदार घेतली. बरोबरच होतं. पण जोड्या पाडताना ती माझ्याकडं न बघता पलीकडं जायची, तेव्हा मला दहावीच्या मुलीसारखं वाईट वाटायचं. जानेवारीच्या शेवटी तिची जोडीदार लग्नाला गावी गेली आणि जोड्या विषम झाल्या. ती समोर येऊन उभी राहिली. वाकून नमस्कार केला. माझी कॉलर धरायच्या आधी तिनं माझा डावा हात उचलला आणि स्वतःच्या बाहीवर नेऊन ठेवला. "काकू, इथं," म्हणाली. "आणि घट्ट."

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा फेब्रुवारीत झाली. पहिले तीन फॉल, दोन डाव, एक पकड. पकडीत समोरच्याला उताणं 20 सेकंद दाबून ठेवायचं. आमच्या कुस्तीवाल्या आजोबांना हा नियम फार विनोदी वाटतो. पाठ लागली की कुस्ती संपली, मग 20 सेकंद काय आरती म्हणायची? परीक्षक बाहेरून आले होते. त्यांनी मला पकडीचं नाव विचारलं. केसागातामे. सहा महिने रोज ऐकलेलं. मी म्हणाले, "केसांत... गजरा." मागून मुलं फुटली. परीक्षक गंभीर राहिले आणि त्यांनी मला पास केलं, बहुधा फॉलच्या आवाजावर. पट्टा बांधला तेव्हा गाठ उलटी आली, ती सातवीतल्या मुलीनं सोडून पुन्हा बांधली.

आता नारिंगी पट्ट्याचं चाललंय. त्यात उजव्या खांद्यावरून कोलांटीचा फॉल आहे. डावीकडून जातो. उजवीकडं मान अजून आडवी येते. 'नाच रे मोरा'नं इथं काम होत नाही, कारण उलटं झाल्यावर शब्द आठवत नाहीत.

आईला मी काही शिकवायच्या भानगडीत पडले नाही. एकदा विषय काढला होता. ती म्हणाली, "शहात्तर वर्षं पडले नाही ती शिकले म्हणून नाही." फिजिओथेरपिस्टनीही सांगितलं, पडायचं नको, जमिनीवरून उठायचं शिकवा. ते आम्ही करतो, सोफ्याला धरून, आठवड्यातून दोनदा. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग एक पाय पुढं. ती मला शिव्या देत उठते, पण उठते.

परवा संध्याकाळी मी मॅटवरून घरी आले, अजून घामातच होते. ती वॉकर सोडून हॉलच्या मधोमध उभी होती. बाल्कनीतली तुळस बघायची होती म्हणाली. भिंत दोन पावलं अलीकडं, दोन पावलं पलीकडं. मी जवळ गेले. तिचा हात नाही धरला, दंडही नाही. माझ्याच लक्षात आलं नाही, पण माझा डावा हात तिच्या गाऊनच्या बाहीवर गेला होता, कोपराच्या खाली, मुठीत कापड पिळून. ती चालायला लागली. पहिलं पाऊल, दुसरं. कापडातून मला कळत होतं ती कुठल्या पायावर आहे.

तिसऱ्या पावलाला ती थांबली आणि बाहीकडं बघितलं.

"अगं, दंड धर की. नवा गाऊन आहे, फाटेल."